श्रद्धांजलीची यादी

विद्यापीठाच्या व्याख्यानमालेचं काम मी नऊ वर्षं केलं. काम म्हणजे पत्रं टाइप करायची, हार-नारळ मागवायचे आणि कार्यक्रमात स्टेजच्या कडेला घड्याळ घेऊन बसायचं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माळावर नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि विद्या गावापर्यंत पोचली पाहिजे असं सगळ्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात गावालाच सिटी बस धरून वर यावं लागायचं, तो भाग वेगळा. वक्ते मला दोनच प्रकारचे भेटले. घड्याळ काढून टेबलावर ठेवणारे आणि न ठेवणारे. बोलायचे दोघंही तेवढंच.

गावातून येणाऱ्यांत एक चाचा होते. संगीत नाटकांच्या कंपन्यांतून त्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली होती. कंपन्या बुडाल्यावर मंगळवार पेठेतल्या एका खोलीत ते पेट्या दुरुस्त करत. दर व्याख्यानाला येत आणि मागच्या रांगेत कडेला बसत. विषय कुठलाही असो, संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणत, "बाई, बोलला चांगलं. पर पेटीवाल्याचं कोण सांगत न्हाई." त्यांना एक तास हवा होता. नट सुरातून घसरला की पेटीवाला त्याला लोकांच्या नकळत कसा सावरून घेतो, हे पेटी पुढ्यात घेऊन सांगायचं होतं. "माझं कवा?" ते विचारायचे. आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही सर म्हणायचो, "पुढच्या सत्रात" म्हणायचे. असं चार सत्रं चाललं.

पाचव्या सत्रात सर एकदम हो म्हणाले. समारोपाची संध्याकाळ चाचांना द्यायची. पत्र मीच टाइप केलं आणि टपालात टाकलं. त्याच आठवड्यात माझी आई गेली.

घरात आम्ही दोघीच होतो. चौदाव्या दिवशी मी कामावर हजर झाले. मला रडू येत नव्हतं. डबा खायचे, पण चव लागायची नाही. कुणी बोललं की त्याचे ओठ हललेले दिसायचे आणि माझ्या तोंडून काहीतरी उत्तर जायचं. ऑफिसात म्हणाले, बाई खंबीर आहेत. खंबीर कसली, बधिर झाले होते.

टेबलावर टपाल साठलं होतं. त्यात चाचांना पाठवलेलं पत्र परत आलेलं. पोस्टमननं वर लिहिलं होतं, "येथे राहत नाहीत." शहाण्या माणसाला वाटलं असतं, खोली बदलली असेल. मला त्या दिवसांत माणूस घरी नसण्याचं दुसरं कारण सुचायचंच नाही. मागच्या दोन व्याख्यानांना चाचा आले नव्हते, असंही कुणीतरी म्हणालं. मी सरांना सांगितलं, "चाचा गेले वाटतं." सर "अरेरे" म्हणाले आणि समारोपाला एका प्राध्यापकांना बोलवा म्हणाले.

समारोपाच्या सुरुवातीला त्या वर्षात गेलेल्या कलावंतांची नावं वाचायची आमच्याकडे रीत होती. गावातल्या कलावंतांची कार्डं एका खोक्यात असत. गेलेल्याचं कार्ड मी मागे सरकवायचे, आणि समारोप आला की मागची कार्डं काढून यादी टाइप करायचे. त्या वर्षी मागे पाच कार्डं होती. खात्री करायला कुणाच्या घरी जायची आमच्यात पद्धत नव्हती.

सरांनी पाच नावं वाचली. चाचांचं तिसरं. ते पूर्ण नाव सभागृहात कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे ते नुसते चाचा. "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या," सर कागदाकडे बघत म्हणाले. सगळे उठले. मागच्या रांगेत, कडेला, चाचाही उठले. त्यांनी टोपी नीट केली, हात पुढे बांधले आणि मान खाली घातली.

मी त्यांना बघितलं. उठून सरांच्या कानात सांगायला पाच पावलं पुरली असती. मी घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिले. अजून पन्नास सेकंद, अजून चाळीस. मला काहीच वाटलं नाही, लाजसुद्धा नाही. वेळ झाल्यावर मी मान हलवली, सगळे बसले, चाचाही बसले. प्राध्यापकांचं भाषण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मला न भेटता बसकडे गेले.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. यादी पेपरला गेली होती. "आता त्यांनाच भाषणाला बोलावलं तर आपलं हसं होईल," ते म्हणाले. "थोडे दिवस जाऊ द्या." ते थोडे दिवस पुढे कधी संपलेच नाहीत. मीही सरांना पुन्हा विचारलं नाही.

रविवारी पत्ता विचारत विचारत मी शिवाजी पेठेत चाचांच्या लेकीकडे गेले. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं म्हणून तिनं त्यांना आपल्या घरी आणलं होतं, एवढंच झालं होतं. ती दारातच म्हणाली, "पेपर वाचून कागलासनं पावणं आलं, बाई. रडतच घरात शिरलं, आन् अब्बांनीच त्यास्नी पाणी दिलं." सांगताना ती हसत नव्हती.

चाचा एक उघडी पेटी बोटांनी चाचपत बसले होते. मी परत आलेल्या पत्राचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं, माफी मागितली. आई गेल्याचंही सांगितलं, सबब म्हणूनच.

"आजारी हुत्या?" त्यांनी विचारलं.

"नाही. सकाळी उठलीच नाही."

"म्हंजी तुमी एकट्याच की आता." ते पेटीवरून हात फिरवत राहिले.

"तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत, चाचा?"

"समदी उभी ऱ्हायली. मी एकटाच कसा बसू?" मग म्हणाले, "त्या पत्रात काय हुतं?"

पत्र मी पर्समध्ये आणलं होतं. त्यांना अक्षर दिसत नव्हतं म्हणून मीच वाचून दाखवलं. मालेचा समारोप आपल्या व्याख्यानानं व्हावा अशी विनंती, तारीख, वेळ, सभागृह, सोबत स्वतःची पेटी आणावी. तारीख त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

"म्हंजी त्याच दिवशी? त्याच हॉलात?"

"हो."

आतून लेकीच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"मग मी आलतो की," ते म्हणाले.

त्यात तक्रार नव्हती. बोलावलं त्या दिवशी हजर होतो, एवढंच ते मला सांगत होते. मी पत्राची घडी घालायला लागले आणि ती मला घालता येईना. आई गेल्यापासून न आलेलं रडू मला त्या घरात आलं.