वळणावरचा हॉर्न

फेरीबोटीतून गाडी बेटावर उतरवली आणि पहिल्याच आंधळ्या वळणावर मी शहरातल्या सवयीने लांबलचक हॉर्न दिला. कुणी येत असेल तर बाजूला व्हावं, एवढाच हेतू. झालं उलटंच. चिऱ्याच्या गडग्याआडून एक आजी हातात टोप घेऊन लगबगीने थेट रस्त्यावर आल्या. मी कचकन ब्रेक दाबला.

त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. "मासळी नाय?"

"नाही हो, आजी."

"मग वाजवलंत कशाला? इथे मासळीवालाच वाजवतो. बाकीचे हळू येतात."

एवढं बोलून त्या रिकामा टोप घेऊन परत गेल्या. हॉर्न ऐकला की माणसं दूर होतात, हेच मला आजवर ठाऊक. इथे ती जवळ येतात.

मग दोन दिवस काच खाली करून, कोंबड्यांच्याही मागे निमूट थांबत गाडी चालवली. कुठेच उशीर झाला नाही.

परतल्यावर पहिल्याच सिग्नलला मागच्याने हॉर्न दाबून धरला. एरवी मी भडकलो असतो. आज वाटलं, उतरून त्याला विचारावं, "काय आणलंत? बांगडे?"