गॅस बघायला गेलतो तवा

असले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. लोकांच्या घरात शिरून त्यांची मशिनं उघडायचा धंदा केला, की आपोआप साठतात! आमचे साठले ते पन्नास सालानंतरच्या कोल्हापुरात. मी आणि इस्माईलभाई, दोघांचं भागीत दुकान. शहरात एअर कंडिशनर बसवलेली घरं मोजकीच. गार होत नाही म्हणून निरोप आला, की आम्ही सायकलवर निघायचो, थर्मामीटर, साबण आणि ब्रश घेऊन.

साबण कशाला? गॅसच्या नळीला फेस लावायचा. बुडबुडा आला की तिथं गळती! इस्माईलभाईच्या डोक्यात एकच भीती. "बंद खोलीत गॅस सुटला आन् झोपेतच माणूस गुदमरलं, तर तोंड कुठं लपवायचं आपण?" त्याच्यामुळं मलाही झोप लागायची नाही.

* * *

एका वकिलांचा निरोप आला, "गॅस संपलाय." धावत गेलो. मशीनच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, हवा झकास गार. आणि खोलीत? सगळी गल्ली! कुणी सुपारी कातरतंय, कुणी पेपर वाचतंय, दार सताड उघडं.

मी वकिलांना बाजूला घेतलं. "साहेब, एवढी माणसं बसल्यावर खोली गार कशी होणार?"

"मग काय, उठा म्हणू व्हय त्यांना?" वकील खवळले. "पावणं वाढल्यात, तर गॅस वाढवा की!"

* * *

शिरोळच्या एका बागायतदाराकडं मशीन नुसतंच घरघरत होतं. इस्माईलभाईनं सगळ्या नळ्यांना फेस फासला, बुडबुडा नाही. गळती नाही, मग बिघाड कुठं? मी बाहेरून चक्कर मारली, तर मशीनचा मागचा भाग पोत्यांनी गच्च गुंडाळलेला! आतली गरमी बाहेर पडायची कुठून?

"हे कुणी केलं?"

"म्याच की!" मालक छाती काढून म्हणाले. "दिवसभर उन्हात हाय बिचारं. त्येला बी ऊन लागतंय की!"

* * *

कसबा बावड्यात एक रिटायर सुभेदार राहायचे. नेमका त्या दिवशी आमचा साबण विसरलेला. सुभेदार दाढीला बसले होते, त्यांचीच वाटी आणि ब्रश मागून घेतला. इस्माईलभाईनं नळीला फेस लावला आणि ओरडला, "बुडबुडा! पळा भायेर!"

म्हाताऱ्या आईला खुर्चीसकट उचललं, बायका-पोरं रस्त्यावर, आणि मधे सुभेदार, अर्ध्या गालाला फेस! मी परत आत जाऊन फेस पुसला, पुन्हा लावून बघितला, तर गळती नव्हतीच. दाढीच्या साबणाचा फेस तो, बुडबुडा त्याचाच!

सुभेदार शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, आता ब्रश द्या. मरायचंच असंल, तर दाढी पुरी करून मरतो!"

* * *

आणि हे गूळवाल्या शेठजींच्या घरचं. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर सुनेला मूल झालं होतं. उन्हाळा कडक, म्हणून बाळंतिणीच्या खोलीत नवीन मशीन. बसवलं आम्हीच.

एक दिवस त्यांचा ड्रायव्हर धापा टाकत दुकानात आला. "चला! बाळंतिणीचं डोकं फुटतंय, वकाऱ्या येताहेत, बाळ सकाळपासनं दूध घेईना. तुमचा गॅस चढलाय म्हणत्यात!"

इस्माईलभाई पांढराफटक पडला. मोटारीत बसून नुसता "या अल्ला, या अल्ला" करत होता. मी तरी काय धीर देणार?

खोलीची खिडकी बंद, दार ओढलेलं. आत पाय ठेवला तर उकडतंय! मशीनच्या तोंडाशी हवा गार, आणि खोली तापलेली. इस्माईलभाईनं नळ्यांना फेस लावला. एक बुडबुडा नाही. परत लावला. नाही. त्याच्या हातातला ब्रश निसटून बाजेखाली गेला. काढायला मी वाकलो, लोंबणारी चादर वर केली, तर आत शेगडी! रसरशीत कोळसे!

"शेगडीचाच विषारी वायू साचलाय!" मी ओरडलो. इस्माईलभाईनं धाडकन खिडकी उघडली. मी शेगडी अंगणात नेली, शेठजींनी सुनेला आणि बाळाला बाहेरच्या सोप्यात आणलं. सगळे बाळावर वाकले. मग बाळानं टाहो फोडला! इस्माईलभाई खांबाला टेकून ढसाढसा रडला. डॉक्टर येऊन गेले, दोघं वाचली म्हणाले.

शेठजींची आई मात्र आमच्यावरच उखडली. "बाळंतिणीला शेक नको व्हय? मशीननं गारठा यायला लागला म्हणून शेगडी ठेवली, शेगडीनं उकडाय लागलं म्हणून मशीन वाढवलं. त्यात आमचं काय चुकलं? आता ती खिडकी लावा आदी, बाळाला वारं लागंल! आन् शेगडी आणा आत!"

इस्माईलभाईनं हात जोडले, समजावलं, पाया पडला. म्हातारी ऐकेना.

मग त्यानं पिशवीतून पेचकस काढला, बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवले, खिडकीची दोन्ही दारं उतरवली आणि खांद्यावर घेऊन चालू लागला.

"अरं ए मिस्त्री! माझी खिडकी कुठं घेऊन चाललास?"

इस्माईलभाईनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"दुरुस्तीला!"