भावोजींची मॅरेथॉन

आमच्या भावोजींएवढा आशावादी माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि आशेपायी एखाद्या माणसाची एवढी वाट लागलेलीही पाहिली नाही. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. राहायला विक्रोळीला, हायवेच्या बाजूच्या एका चाळीत, मूळचे मालवणकडचे, आणि कामाला परळच्या मिलमध्ये, साचे खात्यात, म्हणजे जिथे मागांवर कापड विणलं जातं तिथे. ऐंशीच्या दशकातला तो मोठा संप झाला, चिघळला, आणि पुढे तो संपला की नाही हेही कुणाला धड सांगता येईना. चाळीतले कुणी गावाला निघून गेले, कुणी रिक्षा चालवायला लागले, कुणी भाजीची गाडी लावली. भावोजी मात्र रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या बाकावर बसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "सोमवारी भोंगा वाजतलो." कुठल्या सोमवारी, ते कधी सांगत नसत. असे कितीतरी सोमवार आले आणि गेले. शर्टाची कॉलर विरली, ताईनं ती उलटून शिवली, पण भावोजींचा सोमवार काही विरला नाही.

साच्यांच्या खडखडाटात उमर गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई, आणि आपल्याला येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, अशा समजुतीनं ते सगळ्यांशी ओरडून बोलत. "आमटीत मीठ कमी पडलंय," असं त्यांनी ताईला सांगितलं की समोरच्या चाळीतून "पाठवू का?" असं उत्तर येई. पण त्या खात्यात माणसाला आणखी एक विद्या येते. आवाज पोचत नाही म्हणून ओठ पाहून बोलणं ओळखायची. मला मुलगी पाहायला आम्ही घाटकोपरला गेलो होतो. पोहे झाले, आणि मुलीकडची माणसं आतल्या दाराशी उभी राहून कुजबुजायला लागली. भावोजी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मग बशी खाली ठेवून त्यांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं मला सांगितलं, "मुलगा काळा आहे म्हणतायत. पण बँकेत आहे ना, चालवून घेऊ म्हणतायत." ते लग्न जमलं नाही हे सांगायला नकोच. परतताना मी घुश्शात बसच्या खिडकीबाहेर बघत होतो. "अरे, रागावतोस काय? आत्ता कळलं ते बरं झालं," ते म्हणाले. बसमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, काय कळलं असेल या कुतूहलानं.

घर आणि मुलाची शाळा चालवायची म्हणून ताईनं जेवणाचे डबे करायला घेतले होते. विक्रोळीच्या कारखान्यांत घरदार गावी ठेवून आलेले बरेच कामगार होते. ती पहाटे उठून चपात्या लाटायची, आणि दुपारच्या उन्हात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गेटागेटावर डबे पोचवायची. तिचे खांदे भरून येत. मी एकदा न राहवून म्हटलं, "भावोजी, निदान डबे तरी तुम्ही पोचवा." त्यांना माझं बोलणं नेमकं ऐकू आलं. "आणि मी डबे घेऊन गेलो, नि तेवढ्यात मिलचं बोलावणं आलं तर?" त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. मला हसू आलं नाही. ताई पाठमोरी होती. ती भांडी घासत राहिली.

अशात कुठूनशी चाळीत बातमी आली की मिल सुरू होणार, पण निम्मीच माणसं घेणार. डॉक्टर तपासणार आणि धडधाकट असेल त्यालाच आत सोडणार. बातमी कुणी आणली हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याच आठवड्यात शहरात मोठी मॅरेथॉन होणार असल्याची पत्रकं स्टेशनबाहेर लागली, आणि भावोजींच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या. "मॅरेथॉन धावलेल्या माणसाला अनफिट म्हणायची कुठल्या डॉक्टरची हिंमत आहे?" त्यांनी बाकावरून जाहीर केलं. पन्नाशीला टेकलेला माणूस. गुडघे कुरकुरायचे, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून उगाच भिंतीचा रंग बघायचे. ताई म्हणाली, "अहो, किती लांब असतं ते! जीव जाईल." त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "गे, पाळीभर साच्यापुढे उभा राहायचो मी. घामाची अंघोळ व्हायची. माका उन्हाचा काय सांगतंस?"

सराव त्यांनी केला नाही असं म्हणता येणार नाही. पहिल्या दिवशी हायवेच्या कडेनं कांजूरच्या दिशेनं निघाले, तर वाटेत गाववाला भेटला आणि त्याच्याकडे चहा झाला. पुढच्या वेळी कुत्री मागे लागली. ती धाव चांगली झाली, पण उलट्या दिशेनं. मग एक दिवस आरे कॉलनीत झाडांच्या सावलीत धावायचं म्हणून इतक्या लांब बसनं गेले आणि तबेल्यातल्या भय्यांशी म्हशींच्या दुधावरून वाद घालून बसनंच परत आले. त्यानंतर त्यांचं मत झालं की खरी तयारी श्वासाची असते. ती बाकावर बसून करता येत होती. शेजारच्यांकडून कॅनव्हासचे बूट आणले, ते एक बोट लहान होते. ताईनं जुन्या पँटचे पाय कापून हाफ पँट शिवून दिली. शिवताना ती म्हणाली, "एकदा धावून येऊ देत. नाहीतर जन्मभर बोलत बसतील." तिचा आवाज मला आवडला नव्हता. फार थकलेला होता तो.

त्या वर्षी थंडी पडलीच नव्हती, आणि शर्यतीच्या दिवशी तर सकाळपासूनच अंगाची लाही होत होती. मी आणि ताई ग्लुकोजच्या पाण्याची बाटली घेऊन शर्यत संपते तिथे, मांडवाजवळ उभे होतो. पहिले आले, टाळ्या झाल्या, बँड वाजला. मग पोरं आली, परदेशी आले, एक आजोबासुद्धा आले. प्रत्येक पांढऱ्या बनियनवर ताईची मान वळायची आणि पुन्हा जागेवर यायची. ऊन डोक्यावर आलं. बँडवाले वाद्यं पिशव्यांत घालून निघून गेले. रस्ता गाड्यांना मोकळा झाला. मांडववाले बांबूंच्या दोऱ्या सोडायला लागले. ग्लुकोजचं पाणी कढत झालं होतं. "पडले असतील कुठे तरी," ताई म्हणाली, आणि मी इस्पितळांची नावं मनात घोळवायला लागलो.

मधल्या काळात काय घडलं ते पुढे भावोजींकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळलं. सुरुवातीला ते पोरांबरोबर असे सुटले की जणू नाश्त्याला घरी पोचायचं होतं. निम्म्या वाटेच्या आतच पोटऱ्यांत गोळे आले. बुटाचा तळ सुटला, म्हणून तो बूट काढून हातात घेतला. एका झाडाखाली बसले तर अँब्युलन्सवाले उचलायला आले. त्यांच्यावर ते असे ओरडले की ते स्ट्रेचर घेऊन मागे फिरले. पुढे एका गच्चीवर एक म्हातारं जोडपं उभं होतं. बाई नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या. भावोजींनी ओठ वाचले. 'बिचारा' म्हणत होत्या. भावोजी थांबले आणि खालून ओरडले, "ओ बाई, बिचारा कोणाला म्हणता? मिलचा कायमचा कामगार हाय मी!" बाई घाबरून आत गेल्या. हे सांगताना ते हसले नाहीत. म्हणाले, "मग माझे पायच उचलेनात रे."

ते आले तेव्हा फुटपाथवरून आले, कारण रस्त्यावर गाड्या होत्या आणि हवालदारानं त्यांना बाजूला काढलं होतं. एका पायात बूट, दुसरा पाय रक्तानं माखलेला, ओठ पांढरे पडलेले. शेवटची पांढरी रेघ अजून रस्त्यावर होती. ती ओलांडण्यासाठी ते दोन गाड्यांच्या मधून खाली उतरले, ओलांडली, आणि तिथेच बसकण मारली. आम्ही धावलो. मांडववाल्यांतल्या एकानं आपली कळशी आणून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. ताईनं हात धरून त्यांना कडेला आणलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"पुरी केलीत हो," ती म्हणाली. "झालं आता."

भावोजींनी रस्त्याकडे पाहिलं. मग आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले. मांडव सोडणारी माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली.

"पोरं काय धावली गं! हरणासारखी. घ्यायचीच झाली माणसं तर त्यांना घेतील ना? मला कशाला घेतील?" हातातला फाटका बूट खाली ठेवून ते म्हणाले, "आणि कोणालाच नाय घेणार. मिल नाय सुरू होवची. माका ठाऊक होता गं. मागल्या दिवाळीपासून ठाऊक होता."

"मला पण," ताई म्हणाली.

मग ते रडले. ओरडून बोलणारा माणूस रडतोही तसाच. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. ताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं, इतकंच मला दिसलं.

आठवडाभर भावोजींना चालता आलं नाही. चालता यायला लागलं तेव्हा एका सकाळी ताई चपात्या लाटत असताना ते उठले, पिशव्या भरल्या, आणि कुठला डबा कुठल्या गेटावर द्यायचा एवढंच विचारलं. मिलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. कुणी काढलं तर आता मात्र त्यांना ऐकू येत नसे. डबे ते अगदी सावकाश पोचवत. पाय लंगडतच राहिला होता. गिऱ्हाइकं उशिराची कुरकुर करत आणि ते त्यांना भरभर जेवण्याचे तोटे सांगत. पूर्वीचा तोरा राहिला नव्हता. त्यांना तसं खाडीच्या बाजूच्या रस्त्यानं उन्हातून येताना पाहिलं की मला वाईट वाटायचं, आणि तसं मी ताईला एकदा बोलूनही दाखवलं.

ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून यांची पाळी. कधी पहिली, कधी दुसरी, कधी रात्रपाळी. संपात हे बाकावर, तर मी डबे घेऊन गेटागेटावर. दुपारचं जेवायला आम्ही दोघं एकत्र कधी बसलो नव्हतो रे. आता बसतो."

ऊन कलता ते रिकामे डबे घेऊन परत येत, तोवर ती थांबायची. मग दोघं स्वयंपाकाच्या ओट्याजवळ पाट मांडून जेवत, आणि भावोजी दिवसभराच्या बातम्या साऱ्या चाळीला ऐकू जातील अशा सांगत. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. डबे बंद झाले, चाळीच्या जागी इमारत आली. ताईला सून आहे, वेळेवर गरम जेवण आहे. तरी सगळ्यांची जेवणं होतात, भांडी निघतात, आणि सून हाक मारते तेव्हा ताई म्हणते, "थांब गं जरा, इतक्यात नको." मग ऊन कलल्यावर एकटीच पानावर बसते.