बर्फाचा पुरावा

मिनलच्या लग्नात अट एकच होती आणि ती तिने स्वतः, भर बैठकीत, पाहुण्यांच्या तोंडावर घातली होती. "ज्या दिवशी घरात दारू शिरेल, त्या दिवशी मी दिघीला भावाकडे जाईन. मागं वळून बघणार नाही." पोरीचं तोंड असलं फटकळ म्हणून तिच्या आत्याने कपाळाला हात लावला. नवरामुलगा मात्र हसला. "नाही शिरणार," म्हणाला. "शिरलीच तर रिक्षा मीच आणून देईन."

त्याचं नाव संघर्ष. त्याचा बाप धोंडीबा पिंपरीच्या कारखान्यात पर्मनंट कामगार, आणि पगाराच्या दिवशी हमखास गटाराच्या कडेला. शाळकरी पोरगा बापाला खांद्यावर टाकून घरी आणायचा आणि लोक दारात उभं राहून बघायचे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा बाबा तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय चमचाभर घोट घेत नसे. पिंपळे गुरवच्या विहारात दर रविवारी वंदनेला पुढे बसायचा तोच. दारू सोडवायची असलेली पोरं लोक त्याच्याकडे धाडायचे.

नोकरी चाकणला, फोर्जिंगच्या कंपनीत क्रेनवर. शेडच्या छताखाली रुळांवर धावणारी मोठी क्रेन, उंच केबिनमध्ये हा, आणि खाली टनावारी वजनाचे लोखंडी साचे. हातोड्यांच्या दणदणाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून खाली सनी नावाचा पोरगेला कामगार उभा राहून हाताने खुणा करतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली करून हात आडवा धरला की थांब. यातली एक गोष्ट संघर्षने घरी सगळ्यांना शिकवून ठेवली होती. उचलायची खूण फक्त सनीची चालते. पण थांबायची खूण कुणाचीही चालते. साहेबाची चालते, झाडूवाल्याची चालते, वाट चुकून आत आलेल्या माणसाचीसुद्धा चालते. हात आडवा दिसला की क्रेन थांबलीच पाहिजे, का म्हणून विचारायचं नाही. घरात मिनल भांडायला लागली की तो नेमका तसाच हात आडवा धरायचा, पोरगी नेहा खिदळायची, आणि मिनललाही हसू फुटायचं.

उन्हाळा संपता संपता त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या.

सकाळी माणूस चांगला टवटवीत. दाढी करताना शीळ घालायचा. पण कंपनीची बस संध्याकाळी सोडून गेली की जिना चढताना एक डोळा अर्धा मिटलेला. जेवताना बोलणं जड, नाकातून आल्यासारखं. एकदा पाणी पिताना ते नाकावाटेच बाहेर आलं. गल्लीतल्या डॉक्टरने डोळ्यात घालायचे थेंब दिले, ताकदीच्या गोळ्या दिल्या, आणि ताण घेऊ नका म्हणून सांगितलं. रात्री त्याचा डबा धुताना मिनल आधी तो नाकाशी नेऊन बघायला लागली.

मग मंडईत सनीची बायको भेटली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, भाऊंना क्रेनवरनं काढलं ना? स्टोअरला टाकलंय. गेटवर मशीनमध्ये फुंकायला लावलं म्हणे." मिनलच्या पायाखालची वाळू सरकली. नवऱ्याने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. मशीनने काय दाखवलं, हे विचारायला हवं होतं. तिने नाही विचारलं. तिला लाज वाटली. हातातली मेथी तशीच टाकून ती घरी आली.

त्या रविवारी विहारात जे झालं ते सगळ्यांनी बघितलं. संध्याकाळची वेळ, दिवसभर सभेची मांडामांड करून संघर्ष दमलेला. तो शील म्हणायला लागला. पहिलं नीट गेलं, दुसरं नीट गेलं. तिसऱ्याला जीभ अडखळली, चौथ्याला हनुवटी छातीकडे कलली. आणि पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, तिथे आल्यावर त्याच्या तोंडून नुसतं नाकातलं गुणगुणणं बाहेर पडलं. मागे कुणीतरी फिस्कन हसलं. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "घ्या! भरवशाच्या म्हशीला टोणगा!" आणि दुसरा म्हणाला, "धोंडीबाचंच रक्त ते."

मिनलने त्याला दंडाला धरून घरी आणलं. खुर्चीत बसवलं, फ्रीजमधला बर्फ टॉवेलात गुंडाळला आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर दाबून धरला. असं दाबलं की त्याचं डोकं मागे भिंतीला टेकलं. तिचा बाप सांगायचा, चढलेल्याला बर्फ लावावा, खरं-खोटं कळतं. संघर्ष काहीतरी बोलायला बघत होता, पण शब्द होत नव्हता. त्याने हात आडवा केला. तळवा खाली. थांब.

ती थांबली नाही.

थोड्या वेळाने तिने टॉवेल काढला. बघते तर पापणी वर! दोन्ही डोळे उघडे, तिच्याकडे टक्क बघणारे, सकाळी असतात तसे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"उतरली ना?" ती किंचाळली. "बर्फ लावल्याबरोबर उतरली! मी वेडी म्हणून थेंब घालत बसले डोळ्यांत!" मग जे तोंडाला येईल ते बोलली. धोंडीबाचं काढलं, लग्नातली अट काढली, नेहाच्या नशिबाला बोल लावला. तो बघत राहिला, आणि बघता बघता त्या पापण्या पुन्हा खाली आल्या. तिने त्याचाही अर्थ आपल्याला हवा तसाच लावला. तोंड लपवतोय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा ठणठणीत. दारात उभं राहून स्वच्छ बोलला, "मिनल, मी प्यायलो नाही." तिचं मन क्षणभर हललं. मग तिला वाटलं, रात्रीची उतरल्यावर सगळेच असं बोलतात. तिने कामावर सुट्टी टाकली आणि नेहाला घेऊन दिघी गाठली. रिक्षा त्याने नाही, तिनेच आणली.

संध्याकाळी घरून फोन आला सासूचा. गिरजाबाई कधी फोन करणाऱ्यातली बाई नव्हती.

"मिनल, ह्याला घोट गिळवंना झालाय. मान बी धरत न्हाई."

"झोपू द्या आई. उतरेल."

मग म्हातारी जे बोलली ते एवढ्या वर्षांत कधी बोलली नव्हती. "पोरी, मी जलमभर दारुड्याच्या उशाला बसलीया. तुझा सासरा सकाळी थरथरायचा आन संध्याकाळी घोट पोटात गेला की हात थिर व्हायचा. ह्याचं उलटं हाय. हा सकाळी चांगला असतोय आन दिवस मावळला की ढासळतोय. ही दारू न्हाई. दुसरंच काय तरी हाय. आन आता त्याला दम घेता येईना. तू ये."

फोन ठेवायच्या आधीच मिनल चपला शोधत होती. भोसरीच्या चौकात रिक्षा अडकली. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बस, मुंगीलाही वाट नाही. तिची पाचावर धारण बसली होती. ती ड्रायव्हरला चल म्हणत होती, स्वतःला शिव्या घालत होती, आणि म्हातारीचं वाक्य मनात उलटसुलट करून बघत होती. सकाळी चांगला. संध्याकाळी वाईट. हे तर तिला महिनाभर रोज दिसत होतं! पण एकदा चोर ठरवला की त्याची दाढीसुद्धा पुरावा वाटते, तसं तिचं झालं होतं.

शेजाऱ्यांनी संघर्षला खाली आणून ठेवलं होतं. त्याचं डोकं गिरजाबाईच्या खांद्यावर लोळत होतं, श्वास वरच्यावर, ओठांतून लाळ. मिनलने त्याला कवेत धरलं आणि जवळचा दवाखाना गाठला.

तातडीच्या खोलीत तरुण डॉक्टर होता. त्याने एकदा पेशंटकडे बघितलं, एकदा त्या लाळेकडे, आणि विचारलं, "किती घेतलीय?"

महिनाभर जो प्रश्न तिच्या पोटात सलत होता तोच परक्याच्या तोंडून आला आणि मिनल भडकली. "माझा नवरा पीत नाही," ती म्हणाली. "कधीच प्यायला नाही. तुमच्या मोठ्या डॉक्टरांना बोलवा. आत्ता बोलवा!" आवाज असा चढला की बाहेरचा वॉचमन आत आला. हे आपण कशाच्या जोरावर बोललो, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. बोलल्यावर मात्र तिला बरं वाटलं आणि रडूही आलं.

मेंदू आणि नसांच्या डॉक्टर जयमालाबाई आल्या. त्यांनी संघर्षला एका दमात आकडे मोजायला लावले. तो सहाला अडकला. बाईंचा चेहरा बदलला. श्वासाच्या मशीनची तयारी करायला सांगून त्या नर्सकडे वळल्या. "तोवर हातमोज्यात बर्फ भरून द्या."

"बर्फ नको!" मिनल मध्ये पडली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आता कसं सांगायचं? तिला ठाऊक होतं पुढे काय होणार. बर्फ लागणार, पापणी उघडणार, आणि तो तरुण डॉक्टर म्हणणार, बघा, उतरली. तिने डॉक्टरीणबाईंचा हातच धरला. पण त्यांनी तो शांतपणे सोडवला आणि बर्फ डाव्या पापणीवर ठेवला. मिनलचा जीव टांगणीला लागला. बर्फ उचलला. उजवा डोळा मिटलेलाच होता, डावा मात्र उघडला होता.

"उतरली म्हणू नका," मिनल हुंदके देत म्हणाली. "हात जोडते."

"उतरली? बर्फाने कुणाची दारू उतरते का बाई?" डॉक्टरीण म्हणाल्या. "हा पुरावा आहे. ते प्यायलेले नाहीत, आजारी आहेत. मायस्थेनिया म्हणतात याला."

मशीन लागल्यावर, श्वास मार्गी लागल्यावर, त्यांनी मिनलला बाकावर बसवलं. तू काय काम करतेस विचारलं. भोसरीला, गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर, ती म्हणाली.

"मग तुला सांगणं सोपं आहे. मेंदूचा हुकूम नसेतून विजेच्या लाटेसारखा धावतो. नसेच्या भिंतीला बारीक दारं असतात, त्यातून क्षाराचे कण आतबाहेर होतात, एक दार उघडलं की पुढचं उघडतं, अशी ती लाट सरकते. यांची ती वायर शाबूत आहे. पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये फट असते आणि ही लाट ती फट ओलांडत नाही."

"मग हात हलतो कसा?"

"तिथून पुढे निरोप रसायन नेतं. नसेच्या टोकाला रसायनाच्या इवल्याशा पिशव्या असतात. लाट आली की त्या रिकाम्या होतात, रसायन पलीकडे जाऊन स्नायूवरच्या खाचांत बसतं, आणि स्नायू आखडतो. काम झालं की ते रसायन लगेच साफ केलं जातं. आता यांच्या शरीरातले जंतूंशी लढणारे पहारेकरीच चुकून त्या खाचांवर तुटून पडलेत. थोड्याच उरल्यात. विश्रांती झालेली असते तेव्हा रसायन भरपूर सुटतं, तेवढ्या खाचांवर भागतं. वापरून वापरून ते कमी सुटायला लागलं की नस ओरडते आणि स्नायूला ऐकू जात नाही. गारव्याने साफसफाई मंदावते, रसायन जास्त वेळ टिकतं, म्हणून घटकाभर पापणी उचलली. औषधही हेच करतं. आणि पहारेकऱ्यांना आवरायचे उपचार आजच सुरू करतोय."

"वाचतील ना?"

"अगदी शेवटच्या घटकेला आणलंस. पण आणलंस."

रात्र बाहेर काढून सकाळी मिनल आत गेली. तिथे सनी आधीच उभा होता, पहिल्या शिफ्टला दांडी मारून. हळूच म्हणाला, "वहिनी, भाऊंना कुणी काढलं नाही. एका संध्याकाळी त्यांना वरून दोन-दोन हुक दिसायला लागले, दोन सनी दिसायला लागले. आपणहून खाली उतरले. साहेबांना म्हणाले, माझ्या हातून पोरगं चिरडेल, मला वर पाठवू नका. मशीनमध्ये पण स्वतःच फुंकले. शून्य आलं. तुम्ही घाबराल म्हणून घरी सांगितलं नाही." आणि तो बाहेर निघून गेला.

संघर्षच्या तोंडात नळी, डोळे मिटलेले. नर्स म्हणाली, "बोला त्यांच्याशी. ऐकू सगळं येतं. कानाच्या, कातडीच्या नसांना काही झालेलं नाही. फक्त उत्तर देता येत नाही."

सगळं ऐकू येतं. म्हणजे त्या रविवारीही आलं होतं. विहारातलं हसणं, टोणगा, धोंडीबाचं रक्त. आणि घरी आल्यावर ती जे जे बोलली तेही, शब्दन् शब्द. मिनल खाटेच्या कडेला टेकली आणि बांध फुटला. "माझं चुकलं. मी तुम्हाला दारुडा म्हटलं. तुमच्या बापावर गेले. नेहाला ओढत नेलं. तोंड झडो माझं! मला माफ करू नका, मी त्या लायकीची नाही, मी तर अशी..."

चादरीवरचा हात हलला. आधी बोटं, मग मनगट. फार जड काहीतरी उचलावं तसा तो हात इंचभर वर आला, आडवा झाला आणि तसाच धरला गेला. तळवा खाली.

ती लगेच थांबली. का म्हणून विचारलं नाही. हात थरथरायला लागला तेव्हा तिने खालून आपला हात दिला आणि गप्प बसून राहिली.