जळकोटचा फुलबॅक

मॅट्रिक मी तिसऱ्या खेपेला पास झालो. तरी नांदेडच्या कॉलेजानं मला घेतलं, ते कबड्डीसाठी. जळकोटात माझ्या हातातून पाय सोडवून नेणारा गडी नव्हता. पण त्या साली कॉलेजची कबड्डीची टीमच उभी राहिली न्हाई. खेळाच्या सरांनी मला वरून खाली बघितलं अन् म्हणले, "फुटबॉलला बॅक कमी पडून राहिलाय. गोलापुढं उभं राहायचं, कुणाला पुढं जाऊ द्यायचं न्हाई. जमतंय का?"

"जमतंय की," मी म्हणलो. फुटबॉलची मॅच मी त्या दिवसापर्यंत बघितलीच नव्हती.

खेळाडूला होस्टेलची खोली अन् मेसचं जेवण फुकट होतं. टीममधून नाव गेलं की गावाकडं वापस.

पहिल्याच मॅचला समोरचा फॉरवर्ड सुसाट आला. मी खाली झुकलो अन् दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. गडी तोंडावर पडला. मला वाटलं, पॉइंट मिळाला. मी उठून मांडीवर थाप मारली. सारं मैदान हसून लोळायलं. त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, आम्ही हरलो.

आमचा कॅप्टन नांदेडातल्या मुसलमान शिंप्याचा पोरगा. तो म्हणला, "क्यों पैलवान, उसको घर लेके जानेवाला था क्या?"

सर म्हणले, "ह्याचं नाव काढा."

"सर, इसके डर से वो लडका फिर इधर आयाच नहीं," कॅप्टन म्हणला. "लातूरवालों की मॅच तक रहने दो."

दुसऱ्या दिवशी त्यानं बापाच्या दुकानातून कापडाची पट्टी आणली, माझे हात पाठीमागं बांधले अन् पंधरा दिवस तसंच खेळवलं. गुडघे, हनुवटी, सगळं सोललं. पोरं म्हणायची, "आला बघा दाव्याचा बैल." मी एक दिवस चुकवला न्हाई. कबड्डीत मी गड्याच्या कमरेकडं बघायचो, इथंबी तेच धरलं. चेंडू कुठंबी नाचू दे, गडी कमरेच्याच बाजूला जातो.

लातूरचा फॉरवर्ड लई नावाजलेला. आम्ही एका गोलनं पुढं होतो, शेवटचं मिनिट राहिलं होतं, मैदानात चिखल. तो एकटाच सुटला. आमचा गोलकीपर पडला. आता फक्त मी. त्याचा पाय डावीकडं गेला, कंबर उजवीकडं वळली. मी कमरेच्या बाजूला उडी घेतली. चेंडू असा छातीवर बसला की श्वास बंद झाला. मॅच संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा मी चिखलातच होतो, अन् मला उचलायला सगळ्यात आधी सर पळत आले.

चार वर्षं ती जागा माझीच होती. अभ्यास मात्र पहिल्या वर्षाच्या पुढं सरकला न्हाई. त्याचं मला काही वाटलं न्हाई, आजबी वाटत न्हाई.

नंतर लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, काम शोधत फिरलो. एका आडत दुकानाच्या गादीवर तोच फॉरवर्ड बसलेला. बघताच उठला अन् म्हणला, "मला अडवणारा गडी दुसऱ्याच्या दुकानात कशाला?" त्याच्याकडंच हमाल म्हणून लागलो, मुकादम होऊन बाहेर पडलो. पोरं शिकवली, घर बांधलं.

आता दोघंबी सत्तरीच्या पुढं. सकाळी हॉटेलात चहाला बसलो की तो सुरू करतो, "मैदान वल्लं होतं म्हणून. न्हाई तर तुझ्या बापाला अडवता आलं नसतं."

"मालक, मी काय कोरड्यात उभा होतो?"

हॉटेलवाला हसतो. मी हसत न्हाई. गोल झाला नव्हता.