फिलूमावशी विचारून सांगते

हातखंब्याला एस.टी. थांबते त्याच्या जरा अलीकडे फिलोमिना डिसोझाची टपरी होती. चहा, आमलेट-पाव, पावसाळ्यात भजी. ट्रकवाल्यांपासून सरकारी साहेबांपर्यंत सगळे तिला फिलूमावशीच म्हणायचे. बाई मूळची वेंगुर्ल्याची. लग्न होऊन इकडे आली. नवरा इनास ट्रक चालवायचा, तो अपघातात गेला. मुलगी गोव्यात नर्स. जीभ तिखट. चहा पांचट झालाय म्हणणाऱ्याला ती सांगायची, "मगे घराक जा नि बायलेक सांग."

तिची एकच गोष्ट गिऱ्हाइकांना पटत नसे. दुपारची जेवणं उरकली की ती फळी खाली ओढायची, मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकायची आणि मागच्या पडवीत जाऊन बसायची. झोपायची नाही. हातात जपमाळ नाही, पुस्तक नाही. कोणी फळी वाजवली तरी उठायची नाही. धंद्याच्या वेळेला ही काय नाटकं, असं मीही म्हणायचो. पण टपरी तिची, दुपार तिची, म्हणून सोडून द्यायचो. केरूचा पाय गेला आणि मग मला सोडता येईना.

केरू आमच्या वाडीतला, रस्त्याच्या कामावर मजूर. एका संध्याकाळी मावशीकडे चहा पिऊन रस्ता ओलांडत होता. जांभ्याचे चिरे भरलेल्या ट्रकने त्याला उडवलं. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. लगेच ट्रकमालकाची माणसं नाक्यावर सांगू लागली, केरू प्यायलेला होता, आपणच आडवा आला. रक्त तपासलं का, हे मी दवाखान्यात विचारलं. तेव्हा जीव वाचवायची घाई होती म्हणे. पोलिसांच्या कागदावर हे दारूचंच उतरलं असतं तर भरपाई राहिली बाजूला, पाय जाऊन वर चूकही केरूचीच ठरली असती. नीट समोरून पाहणारी एकटी फिलूमावशी. आणि तिची टपरी उभी होती ती जागा त्याच ट्रकमालकाची.

मी असल्या भानगडींतच वाढलोय. कायदा मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून शिकलो. साक्ष कशी पाहिजे ते मला कळतं. केरूच्या बायकोला, दर्शनाला घेऊन मी टपरीवर गेलो.

"मावशी, जबाब द्यायला यायचं. ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता म्हणून सांगायचं. शेजारचा टायरवाला पण तसंच म्हणतो."

"विचारून सांगते," मावशी म्हणाली.

"कोणाला विचारून?"

ती किटली पुसत राहिली. दर्शनाने मला कोपर मारलं.

बाई 'विचारून सांगते' म्हणाली की आपल्याकडे अर्थ एकच, नवऱ्याला विचारणार. हिचा नवरा तर केव्हाच गेला. मग मुलगी असेल म्हणून गोव्याला फोन लावला. मुलगी हसली. "आई मला साडीचा रंग पण विचारत नाही." मग राहिले फादर. रत्नागिरीला चर्चमध्ये जाऊन त्यांना गाठलं.

"तुम्ही तिला नको म्हणून सांगितलंत काय?"

"मी?" फादर म्हणाले. "ती मला कशाला विचारेल? मिस्सा संपली की मलाच सांगते, फादर, प्रवचन लांबलं, मध्ये जरा गप्प राहत जा, लोकांना ऐकायला मिळू दे."

"काय ऐकायला? तुम्ही गप्प झाल्यावर कोण बोलणार?"

"ते तिला विचारा. दुपारी जा."

दोन दिवस वाया गेले होते, माझं डोकं तापलेलं. तिसऱ्या दुपारी गेलो तेव्हा मावशी फळी ओढत होती. मी खालून वाकून आत शिरलो.

"बसायचं तर बस, बाबू. बोललास तर बाहेर काढीन."

पडवीत एक बाकडं, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. बाहेर हॉर्न, टायरवाल्याचा कॉम्प्रेसर. शांतता म्हणावी असं तिथे काही नव्हतंच. मी मनातल्या मनात ट्रकमालकाला शिव्या दिल्या, ठाण्यातल्या साहेबाला काय सुनवायचं ते जुळवलं, मावशीलाही चार शब्द ठेवले. मग तेही संपलं. मला देव भेटला वगैरे काही नाही. कंटाळा आला, एवढंच.

बऱ्याच वेळाने तीच बोलली.

"इनास गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं. जो तो मला देवाची इच्छा काय ते सांगत होता. देवाला कोण बोलूच देईना. मग चर्चमधली एक सिस्टर आली. बाजूला बसली ती संध्याकाळपर्यंत. शब्द नाही काढला. तेव्हा मी पहिल्यांदा रडले. तिथपासून बसते. माझं मागणं सकाळी मागून होतं. दुपारी त्याची पाळी."

"मग काय म्हणाला तो?" मी टोमणाच मारला.

"कानात सांगत असता तर बसायला कशाला लागलं असतं? आधी माझी बडबड थांबते, मग तुमची. मग काय उरतं ते बघायचं. पहिल्या दिवशी भीतीच उरली. जागा गेली तर या वयात कुठे जाऊ? काल तू म्हणालास तो मोबाईल दिसला. ड्रायव्हरच्या कानाला, अगदी स्पष्ट. म्हटलं, मी पण पाहिला की. आज बसले तर कळलं, तो मोबाईल तू आणून ठेवलायस. टपरीवर सगळे इतकं बोललात की माझं बघितलेलं त्यात बुडालं होतं."

"मग तू बघितलंस काय?"

"ट्रक उलट्या बाजूने आला. पुढचा एकच दिवा लागलेला. केरू प्यायलेला नव्हता, कप विसळून जागेवर ठेवून गेला. पण रस्त्यात उतरताना त्याने त्या बाजूला बघितलं नाय."

"हे शेवटचं कशाला? त्यांचा वकील तेच धरून बसेल."

"बसू दे."

"मावशी, मोबाईल सांगितलास तर केस पक्की होते."

"माका शिकवू नको. मोबाईल खोटा निघाला तर केरू शुद्धीत होता हे माझं कोण ऐकणार? आणि देवासमोर इतका वेळ बसून बाहेर जाऊन खोटं बोलू?"

मी दर्शनाला सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी मावशीच्या पाया पडून जबाबात मोबाईल घालायला लावेल. दर्शना म्हणाली, "आमचा माणूस दारू प्यायला नव्हता, एवढं लिहिलं तरी मला पुरे."

मावशीने जबाब दिला तो तेवढाच. साहेबाने उलटसुलट विचारलं, मोबाईलचंही विचारलं. "मी पाहिला नाय," ती म्हणाली. मी बाजूला दात खात बसलो होतो, कशाला लपवू? पण ट्रक उलट्या बाजूने आला हे कागदावर आलं. केरू प्यायलेला होता हे आलं नाही. गुन्हा ड्रायव्हरवर लागला. भरपाईचा दावा चालू आहे. त्या बाजूला न बघितल्याचं वकील धरणार, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते मी शोधतोय.

आठवडा गेला नाही तोच ट्रकमालकाचा माणूस आला. जागा खाली करा.

"मी मोर्चा आणतो," मी म्हटलं. "बघू कसा हलवतो तुला."

मावशी बरण्या पोत्यात भरत होती. पालीच्या बाजूला दर्शनाच्या भावाची रस्त्यालगत थोडी जागा होती, तिथे जायचं तिने ठरवलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आण मोर्चा. पण आधी त्या पत्र्याला हात लाव. जड हाय तो."

मालकाची माणसं उभी होती. त्यांच्यासमोरच आम्ही पत्रे उतरवून टेम्पोत टाकले. दर्शना शेगडी मांडीवर घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.