पप्पांचा गव्हर्नर

अमेरिकेतल्या एका जुन्या गव्हर्नरवर मी जळायचे, हे कुणाला सांगितलं तर हसतील. मी घरून काम करते. कंपनी इंग्रजी मजकूर पाठवते आणि मी त्यावरून शाळेच्या मुलांसाठी मराठीत ऐकायचे धडे लिहिते. त्या महिन्यात हा गव्हर्नर माझ्या वाट्याला आला. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हाचा, एका नव्या राज्याचा. शेतकऱ्याचा मुलगा. डोंगर ओलांडून पश्चिमेला गेला, जमीन मोजायला शिकला, न्यायाधीश झाला आणि मग गव्हर्नर. धडा कानाला कसा लागतो ते बघायला मी मोठ्यानं वाचत होते. ओट्यावर चहा पीत बसलेले पप्पा म्हणाले, "याची आय कशी होती?"

"दिलेलं नाही."

"असं कसं नाय? आयशिवाय आला काय तो?"

हे विचारणं माझ्या ओळखीचं होतं. आमच्यात माणूस गेला की पुण्यानुमोदनाला त्याच्याबद्दल चार शब्द बोलतात, आणि शहापूर-मुरबाडकडे ते बोलायला बऱ्याचदा पप्पांना बोलावतात. ते कागद नेत नाहीत. आदल्या दिवशी त्या घरी जाऊन सतरंजीवर बसतात आणि विचारत राहतात. कुणाशी बोलणं टाकलं होतं का? कशावरून? एकदा मी त्यांना स्कूटीवरून वैशाखरे गावाला घेऊन गेले होते. गेलेला माणूस एसटीत कंडक्टर होता. पप्पांनी त्याच्या बायकोला विचारलं, ड्युटीवरून आल्यावर ते आधी काय करायचे? ती रडायची थांबली. म्हणाली, "चप्पल न काढता कोंबड्या मोजायचे." दुसऱ्या दिवशी मांडवात पप्पांनी ते सांगितलं तेव्हा लोक डोळे पुसता पुसता हसले. मी मागे बायकांत बसले होते आणि मला त्या कंडक्टरचा हेवा वाटत होता.

मला पप्पांनी असलं काही कधी विचारलं नव्हतं. इंग्रजी शाळेत घातलं, फी भरली, निकाल लागला की "बरं हाय" म्हणाले. शाळेत मी घरचं बोलणं लपवायचे, घरी शाळेचं. दोन्हीकडचं लपवल्यावर बोलायला फारसं उरत नसे.

धडा हाती घेतला त्याच सोमवारी कंपनीनं मला पुण्याच्या ऑफिसात कायमची जागा देऊ केली. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. मला जायचं होतं. पण पप्पांनी एकदा तरी आपणहून विचारावं, काय गो, तुझं काय चाललंय, असंही वाटत होतं. विचारलं की लगेच सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

ते रोज विचारत होते. पण त्याच्याबद्दल.

"आज कुठं पोचला तुझा माणूस?"

"राज्याची घटना लिहायच्या सभेत."

पप्पा मांडी बदलून बसले. "गुलामांचं काय केलं त्यानं?"

"गुलामगिरी नको म्हणून मत दिलं."

"बापाकडं होते गुलाम?"

"होते."

"म्हंजे घरात वाजलं असनार." ते खूश झाले. मग म्हणाले, "आनी तिथं पयल्यापासून रानात राहनारे लोक? त्यांचं काय?"

ते मी गाळलं होतं. धडा लांबत होता. "करार करून त्यांच्या जमिनी घेतल्या. याच्याच सहीनं."

पप्पांची सगळी नोकरी आदिवासींच्या रानातून मुंबईला पाणी नेणाऱ्या तानसाच्या पाइपलाइनवर झाली. ते म्हणाले, "हेपन घाल. अर्धा मानूस सांगायचा नाय."

मी घातलं. धडा आधीपेक्षा चांगला झाला, याचा मला आणखी राग आला.

मम्मी आतून ओरडायची, "तुमचा पाव्हना जेवायला हाय का आज? भाकरी जास्त टाकू?" पप्पा हसायचे. मला हसू येत नव्हतं. या घरात त्याची आई, त्याच्या बापाचे गुलाम, त्याचा घोडासुद्धा विचारला जात होता.

गुरुवारी चहाच्या वेळी मी त्याला मारून टाकलं.

"पुढं?" पप्पांनी विचारलं.

"मेला."

"आत्ता तर निवडून आला!"

"आजारी पडला. मेला."

खरं तर त्याचं बरंच आयुष्य बाकी होतं. पप्पांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज सतरंजीवर बसल्यावर होतो तसा हळू झाला. "मागं कोन?"

"एक मुलगी."

"तिला काय वाटायचं बापाबद्दल?"

"माहीत नाही. तिला कुणी विचारलं नाही." आणि त्याच दमात मी म्हटलं, "मला पुण्याला नोकरी मिळालीये. उद्या कळवायचंय."

मम्मी पिठाचे हात घेऊन दारात आली. पप्पा म्हणाले, "कधी मिळाली?"

"सोमवारी."

"मंग इतके दिवस गप का?"

"तुम्ही विचाराल म्हणून."

"मी?" ते मम्मीकडे बघत म्हणाले, "ऐकलंस? शाळेतलं काय विचारलं का ही दार लावून घ्यायची. म्हनून सोडलं मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या गवर्नरचं सांगताना तरी तोंड उघडतेस. म्हनून त्याचं विचारीत होतो."

मम्मी म्हणाली, "बाप तसा, लेक तशी," आणि आत गेली.

मग पप्पांनी विचारायला सुरुवात केली. राहणार कुठं? खोलीत कोण? साहेब कसा आहे, ओरडणारा का? तिथं बरं नाही वाटलं तर फोन करशील, का दार लावशील? मी "बघू" म्हणत होते, "ठीक आहे" म्हणत होते. सगळं आयुष्य हे प्रश्न मला हवे होते, आणि आता कधी संपतात असं झालं होतं. गव्हर्नरनं कधी असं अंग चोरलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांच्याशेजारी बसून मी होकाराचा मेल लिहिला. काय लिहिलंस ते मराठीत सांग, म्हणाले. मी सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"घरच्यांना विचारलं, ते हो म्हनाले, हे नाय लिवलंस?"

"ते लिहायचं नसतं, पप्पा."

"बरं," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं. माझ्या गोष्टीत त्यांना जागा हवी होती याचं मला बरं वाटलं, आणि मी मेल पाठवून दिला.